किती जुनं चालेल

जुन्नरहून लेण्याद्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचं डायलिसिस केंद्र आहे. आठ खुर्च्या, आठ यंत्रं. माझी बायको वैजयंती हिची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हापासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार सकाळी सातला आम्ही दोघं तिथं असतो. ती चार तास आत यंत्राला जोडलेली असते आणि मी काचेच्या दाराबाहेर बाकावर पेपर वाचत बसतो. पस्तीस वर्षं शाळेत पोरांना गप्प बसवण्यात गेली, आता गप्प बसायची पाळी माझी. पेपर काही चार तास पुरत नाही. त्यामुळे मी माणसं बघतो, आणि तिथं सगळ्यात जास्त कुणाला बघितलं असेल तर ते कल्याणीला.

तिच्या हुद्द्याचं नाव काय ते ट्रस्टलाही धड सांगता येत नाही. ती नोंदणीच्या टेबलाशी बसते, फोन घेते, आणि केंद्रातले सगळे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात आहेत. शिनोलीची. आजी-आजोबांनी छप्पन सालानंतर लगेच धम्मदीक्षा घेतलेली, वडील भागुजी पोस्टमन. घोडेगावला शिकली, पुण्यात डिप्लोमा केला आणि तिथंच एका कंपनीत आठ वर्षं काढली. त्या कंपनीचं काम मला पहिल्यांदा ऐकून खरं वाटलं नव्हतं. दुसऱ्या कंपन्यांवर काय काय संकटं येऊ शकतील याची यादी करायची, आणि ती आली तर काम बंद न पडता कसं चालू राहील ते लिहून ठेवायचं. आग, पूर, तुटलेली केबल, चोरी. ‘आणि चुकून दाबलेलं बटण,’ कल्याणी म्हणाली. ‘सर, निम्मी संकटं त्याच कारणानं येतात.’ भागुजींना अर्धांगवायू झाला तेव्हा नोकरी सोडून ती गावी परतली.

सवय मात्र सुटली नाही. तिच्या स्कूटीच्या डिकीत बाराही महिने छत्री, जादा ब्रेकवायर आणि दुसरी किल्ली. दोन फोन, दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं, कारण शिनोलीत एकाची रेंज गेली की दुसऱ्याची कधी कधी असते. पर्समध्ये पेनं दोन. पलीकडच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघत बसणारे गेणभाऊ म्हणायचे, ‘मॅडमच्या डिकीत तिसरं चाक बी आसंल, बघा.’ ती हसायची नाही. ‘स्कूटीला तिसरं चाक बसत नाही, भाऊ,’ असं सरळ उत्तर द्यायची. मला वाटायचं या मुलीला विनोद कळत नाही. नंतर लक्षात आलं, कळतो, पण तिला तो वेळेचा अपव्यय वाटतो.

केंद्राचं सगळं कामकाज क्लाउडवर गेलं तेव्हाची गोष्ट. म्हणजे असं की आमची माहिती केंद्रातल्या कॉम्प्युटरमध्ये राहिली नाही. ती कुठल्यातरी कंपनीच्या लांबच्या मोठ्या यंत्रांवर ठेवलेली, आणि इथून इंटरनेटवरून उघडून बघायची. प्रत्येक पेशंटचं ड्राय वेट किती, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावर वजन किती राहायला हवं, कुणाला किती वेळ लावायचं, रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपारिन कुणाला किती, सगळं त्यात. कागदी फायली बंद झाल्या. सगळे खूश झाले आणि कल्याणी बेचैन. तिनं प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचा सपाटा लावला. हे बंद पडलं तर किती वेळ थांबता येईल? आणि परत मिळालं तर किती जुनं चालेल?

डॉक्टरांना विचारलं, ट्रस्टच्या माणसांना विचारलं, शेवटी बाकावरच्या आम्हालाही. गेणभाऊ राजुरीचे, शेतकरी, बोलायला पक्के. ते म्हणाले, ‘भाकरीसाठी अर्धा तास थांबंन मी. पण भाकर कालची चालायची न्हाई. कालवण मातर कालचंच ब्येस.’ तिनं ते वहीत लिहून घेतलं असेल अशी मला शंका आहे. कारण नंतर तिनं ट्रस्टच्या बैठकीत हेच सांगितलं म्हणे. काही माहिती जुनी चालते, काही एका दिवसानं शिळी होते, आणि आपल्या पेशंटची माहिती भाकरीसारखी आहे. थांबायचं फार तर दुपारपर्यंत, आणि जुनं एका दिवसाच्या वर नाही. असा तिचा हिशोब ठरला.

त्यासाठी तिनं एक पेटी मागून घेतली. काळी, जेवणाच्या चौकोनी डब्याएवढी. रोज पहाटे ती पेटी क्लाउडवरच्या सगळ्या माहितीची नक्कल आपल्याकडे उतरवून घ्यायची. लांबचं सगळं बंद पडलं तरी कालपर्यंतचं सगळं केंद्रातच शिल्लक. नक्कल घेण्यात काही अडचण आली तर पेटी तिच्या फोनवर संदेश पाठवायची. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती नक्कल एका जुन्या कॉम्प्युटरवर उघडून तपासायची. ‘न उघडलेली नक्कल म्हणजे नक्कल नाही,’ हे ती इतक्यांदा म्हणाली की वैजयंतीलासुद्धा पाठ झालं.

आता दसऱ्याचं सांगतो.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. केंद्रातही व्हायची. डायलिसिसची यंत्रं हलवता येत नाहीत, त्यांना जागेवरच हळदकुंकू. बाकी जनरेटरचा पाना, रक्तदाबाचं यंत्र, एक कीबोर्ड असं पाटावर मांडून झेंडूचे हार घालायचे. त्या वर्षी मुख्य टेक्निशियन सोनलच्या मनात आलं की मॅडमची पेटी एवढी सगळ्यांची राखण करते, तिची पूजा कशी नाही? तिनं पेटी कपाटावरून काढली, पुसली, पाटावर ठेवली. आरती झाल्यावर जागेवर नेऊन विजेची वायर लावली. हिरवा दिवा लागला. दुसरी एक निळी वायर होती, इंटरनेटची, ती कपाटामागे घरंगळली होती. सोनलला ती दिसलीच नाही. हार तिनं पेटीवर तसाच ठेवला. पेटीला दुसरा एक निळा दिवा होता, इंटरनेट चालू असल्याचा, त्यावर झेंडू आला.

कल्याणी त्या दिवशी रजेवर. दसरा म्हणजे तिच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी नेसून ती आईबरोबर विहारात. हे केंद्रातल्या सगळ्यांना ठाऊक, आणि त्यावर कुणी कधी एक शब्द बोललं नाही. ती पूजेला नसते, पूजेबद्दल बोलत नाही, दुसऱ्या दिवशी टेबलावरचं कुंकू दिसलं तर त्याला हात लावत नाही. त्यांनी वाहिलंय, ते उतरवतील. त्या वर्षी पेटीवर हार दिसला तेव्हाही तिनं तेच केलं. आणि सोनलनं काय विचार केला? पेटी मॅडमची, आपण एकदा परवानगीशिवाय काढली तेवढं पुरे, आता पुन्हा हात नको. दोघी एकमेकींचा मान राखत राहिल्या आणि हार पेटीवर सुकत राहिला. कुणाचं वाकडं नव्हतं. मला अजूनही त्यातली नेमकी चूक कुठली ते बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि मी आयुष्यभर चुकांखाली लाल रेघा मारल्या आहेत.

पेटी नक्कल घेत नव्हती. तसा संदेशही ती पाठवू शकत नव्हती, कारण संदेशालाही तीच निळी वायर लागते. संदेश नाही म्हणजे सगळं ठीक, असं कल्याणी धरून चालली. पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार दिवाळीच्या गडबडीत गेला.

या मधल्या दिवसांत दोन गोष्टी झाल्या. दसऱ्यानंतर आठवड्याभरात गेणभाऊंच्या पोटात रक्तस्राव झाला. चार दिवस पुण्याला दवाखान्यात होते. परत आले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, यांना हेपारिन बंद, एक थेंबही नको, पुन्हा रक्त सुरू झालं तर थांबवता येणार नाही. कल्याणीनं स्वतः ते नोंदवलं. ती नोंद क्लाउडवर होती. पेटीत नव्हती.

दुसरी गोष्ट सावळेरामची. सावळेराम पश्चिमेच्या डोंगरातला, भातशेतीवाला, फार कमी बोलणारा. तीन नंबरची खुर्ची त्याची. ती खिडकीशी आहे, तिथून समोरचा डोंगर दिसतो. चार नंबरवर गेणभाऊ. दोन वर्षं गेणभाऊ त्याला म्हणत, ‘राव, एक दिवस तरी खिडकी दे की.’ सावळेराम मान हलवायचा, नाही म्हणून. दिवाळीच्या पाडव्याला घरीच त्याचं हृदय थांबलं. पुढच्या सोमवारी गेणभाऊ आले, तीन नंबरच्या खुर्चीपाशी थोडा वेळ उभे राहिले आणि मग तिच्यात बसले. कल्याणीनं खुर्चीचा बदलही नोंदवला.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, एका बुधवारी सकाळी आम्ही पोचलो तर कॉम्प्युटरवर काहीच उघडत नव्हतं. कल्याणीनं कंपनीला फोन लावला. त्यांच्याकडेच मोठा बिघाड होता, दुसऱ्या शहरातून चालू करायला दुपार होईल म्हणाले. सात पेशंट बसलेले, चार नंबर अजून रिकामा. त्यात सोनल भातकापणीसाठी माहेरी, डोंगरात, रेंजच्या पलीकडे, आणि तिच्या जागी मंचरहून मोहिनी नावाची मुलगी आलेली. हुशार होती, पण तिला आमच्यातलं कुणीच माहीत नव्हतं.

कल्याणी शांत होती. खरं सांगायचं तर मला ती त्या क्षणी थोडी आनंदात दिसली. एवढी वर्षं ज्याची तयारी केली ते आलं होतं. तिनं जुना कॉम्प्युटर चालू केला, पेटीतली नक्कल उघडली, आठही खुर्च्यांचे तक्ते एकदम छापले आणि दहा मिनिटांत मोहिनीच्या हातात दिले. ट्रस्टचे एक विश्वस्त नेमके आले होते. ते म्हणाले, ‘वा मॅडम, आज तुमची किंमत कळली.’ ती लाजली. मी तिला लाजताना पहिल्यांदाच बघितलं.

मोहिनीनं तक्त्यांप्रमाणे हेपारिनच्या सिरिंजा भरल्या, त्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावल्या आणि एक नंबरच्या खुर्चीपासून सुरुवात केली. तीन नंबरवर येऊन ती म्हणाली, ‘सावळेराम काका?’

गेणभाऊ मोठ्यानं हसले. ‘आगं पोरी, त्यो गेला की पाडव्याला! मी गेणभाऊ.’

मोहिनी ओशाळली. पुढचा तक्ता बघितला, त्यावर गेणभाऊंचं नाव होतं. खुर्ची बदलली असेल, तेवढं लिहायचं राहिलं असेल, असं तिला वाटलं. ‘काका, हेपारिन चालू आहे ना तुम्हाला?’

‘मला काय इचारती? कागदावर आसंल ते खरं.’

कागदावर होतं. तिनं गेणभाऊंच्या नावाची सिरिंज यंत्राच्या पंपात बसवली. गेणभाऊंना तोवर मजा वाटायला लागली होती. काचेचं दार उघडं होतं, त्यातून मला हाक मारून म्हणाले, ‘गुरुजी, सावळेराम अजून यादीत हाय! खुर्ची सोडंना गडी!’ आतले हसले. बाहेरचे आम्ही हसलो. मी टेबलापाशी जाऊन हाच विनोद कल्याणीला सांगितला. हसतच सांगितला.

ती हसली नाही. या वेळी मला त्याचं कारण कळायला दोन सेकंद लागले, तिला तेवढेही लागले नाहीत. ती उठली, धावली नाही, पण मी माणसाला इतक्या वेगानं चालताना बघितलेलं नाही. दारातूनच म्हणाली, ‘मोहिनी, हात काढ. पंपाचं कुठलंही बटण दाबू नकोस.’ आवाज चढलेला नव्हता. मोहिनीचं बोट बटणाजवळ होतं. कल्याणीनं गेणभाऊंच्या पंपातली सिरिंज स्वतः काढली आणि ट्रेमध्ये ठेवली.

‘काय झालं वं मॅडम?’ गेणभाऊंनी विचारलं.

‘हे कागद जुने आहेत,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला हे औषध बंद आहे. कागदावर चालू आहे.’

वैजयंती पाच नंबरला होती. तिच्या कागदावर काय जुनं आहे ते मला माहीत नव्हतं. मी घाबरलो. काचेला हात टेकून उभा राहिलो, हे लपवण्यात अर्थ नाही.

कल्याणीनं पेटीवरचा हार उचलला. निळा दिवा विझलेला होता. वायर कपाटामागे पडलेली. नक्कल दसऱ्याच्या पहाटेची. तिनं वायर जागेवर लावली, पण आता पलीकडे उतरवून घ्यायला काही नव्हतं. मग तिनं ते सगळे कागद उलटे करून टेबलावर ठेवले आणि डॉक्टरांना फोन लावला. तिच्या वहीत या प्रसंगासाठी एक पान होतं असं नंतर कळलं. पानावर फक्त एवढंच होतं की नक्कल जुनी असेल तर ती नसल्यासारखंच वागा, जुन्यावर विसंबू नका.

डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोघांचं सुरू झालंय, त्यांच्या औषधात काही बदल नव्हता, ते चालू ठेवा. राहिलेल्या पाचही जणांना हेपारिनशिवाय लावा, दर अर्ध्या तासानं सलाइननं नळ्या धुवा. कष्टाचं काम, पण कुणाला धोका नाही. ड्राय वेटचं काय? ते कल्याणीनं प्रत्येकाला तोंडी विचारलं. माणूस स्वतःच्या मुलाची जन्मतारीख विसरेल, पण डायलिसिसवाला आपलं ड्राय वेट विसरत नाही. सातही जणांनी पन्नास ग्रॅमच्या हिशोबानं सांगितलं. दुपारी दीडला क्लाउड परत आला तेव्हा तिनं ताडून बघितलं. एकाचंही चुकलेलं नव्हतं.

ट्रस्टनं अहवाल मागितला. ‘तांत्रिक बिघाड’ असं लिहा आणि मोकळ्या व्हा, असं विश्वस्तांचं म्हणणं. माहेरून परतलेली सोनल रडून रडून सुजली होती. माझ्यामुळे झालं म्हणत होती. कल्याणीनं अहवाल लिहिला, तो मी वाचला आहे. त्यात सोनलचं नाव नाही. कारणाच्या रकान्यात असं आहे: ‘पेटीवर हार होता. तो दुसऱ्यांच्या श्रद्धेचा आहे म्हणून मी हात लावला नाही. विचारलंही नाही. त्यामुळे सदतीस दिवस पेटी तपासली गेली नाही. जबाबदारी माझी.’ इतका सरळ अहवाल मी कुठल्याही सरकारी वा बिनसरकारी दप्तरात पाहिलेला नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘सर, अभिमानाचं काय त्यात? सिरिंज बसलेली होती.’

तेव्हापासून महिन्याचा सोमवार दर आठवड्याचा झाला. ती नक्कल उघडते आणि सगळ्यात आधी तीन नंबरची खुर्ची बघते. सावळेराम दिसला तर नक्कल जुनी, गेणभाऊ दिसले तर ताजी. मग वहीत तारीख, ‘नक्कल ताजी आहे’ हे तीन शब्द आणि सही. गेणभाऊंना हे कळल्यावर त्यांना फार मोठेपणा वाटला. ‘म्हंजे मी हाय का न्हाई त्ये पेटीवरनं कळतं व्हय!’ सोमवारी आले की पहिलं विचारायचे, ‘मॅडम, हाय का मी?’

‘आहात भाऊ.’

‘मंग लावा नळ्या.’

एकदा मात्र चहा पिता पिता ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, ‘त्या दिशी सावळेरामानं वाचिवलं मला. जित्तेपनी खिडकी दिली न्हाई त्यानं. पर मेल्यावर दिलं की कायतरी.’ मग कल्याणीकडे बघून, ‘मॅडम, मी गेलो की पयलं पेटीला कळवा. न्हाईतर दुसऱ्याला माझं औषध द्याल.’ ती या वेळी हसली. कळवते म्हणाली.

पुढच्या दसऱ्याला कल्याणी सकाळी लवकर आली. पांढरी साडी, बाहेर स्कूटीवर आई बसलेली. तिनं दोन्ही वायरी स्वतः काढल्या, पेटी सोनलच्या हातात दिली आणि आरती संपेपर्यंत बाहेर आमच्या बाकावर बसून राहिली. मग आत जाऊन वायरी लावल्या, नक्कल उघडून बघितली आणि विहारात गेली. सोनलनं हार पेटीला न घालता पेटीच्या शेजारी ठेवला. संध्याकाळी दोघींनी एकमेकींना आपट्याची पानं दिली की नाही ते मला माहीत नाही, मी तिथं नव्हतो.

गेणभाऊ मागच्या महिन्यात गेले. रक्तस्राव नाही, औषधाची चूक नाही. राजुरीला स्वतःच्या घरी, जेवण झाल्यावर खाटेवर पडले ते उठले नाहीत. त्या बुधवारनंतर त्यांना चौदा महिने मिळाले. शनिवारी गेले, रविवारी कल्याणीनं केंद्र उघडून त्यांचं नाव यादीतून काढलं. सोमवारी आम्ही पोचलो तेव्हा ती जुन्या कॉम्प्युटरपुढे बसली होती. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिनं नक्कल उघडली आणि तीन नंबरची खुर्ची बघितली. तिथं कुणाचंच नाव नव्हतं.

तिनं त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. मग वही ओढली, तारीख घातली आणि लिहिलं, ‘नक्कल ताजी आहे.’ सही करताना पेन उमटेना. तिनं पर्समधून दुसरं काढलं.